एक्केचाळीस इंच

सेराफीम मामांनी सुपात भिजलेल्या पावाची दुसरी थाळी संपवली, बोटं पुसली आणि आपण बैल पाळायला जाणार असल्याचं सांगितलं.

टेबलाभोवती नऊ माणसं होती. नऊ चमचे थांबले.

"कुठे?" भाची ओडीलियानं विचारलं.

"तेर्सेराला. आपल्या बेटावर. अल्व्हारोकडे चार आहेत, आणि गुडघे गेलेत."

"बैलांचे?"

"अल्व्हारोचे."

"मामा, तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात."

"म्हणून तर दोरीचे बैल. उत्सवात बैल रस्त्यावर सोडायचा, दोरी आपण धरायची, पळायचं दुसऱ्यांनी." मामांनी दातात अडकलेलं पुदिन्याचं पान काढून ताटाच्या कडेला नीट ठेवलं. "आणि परवाना मंडळाला शुक्रवारी पत्र टाकलंय. माझं नाव काढा म्हणून."

बैलांचं कोणाला फारसं काही वाटलं नव्हतं. समुद्रापारच्या त्या बेटावरून कॅलिफोर्नियात आलेल्या प्रत्येक घरात एक म्हातारा परत जायच्या गोष्टी करतोच, आणि एखादा खरंच जातो. पण हे दुसरं वाक्य ऐकून ओडीलियाला ठसका लागला. 'अविला अँड सन' ही बांधकाम कंपनी ज्या परवान्यावर चालत होती, तो परवाना परीक्षा पास झालेल्या एका माणसाच्या नावावर उभा होता. ते नाव काढलं की नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा पास झालेला माणूस उभा केला नाही, तर परवाना थांबतो, सहा माणसं घरी बसतात, आणि सोझांच्या गोठ्याशेजारचं दुमजली घर, ज्याला तेव्हा छत होतं पण जिना नव्हता, तसंच राहतं.

"दुसरा माणूस कोण?" ओडीलियानं विचारलं.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग उरलेल्या आठही जणांनी पाहिलं.

कंपनीच्या नावात मुलगा होता, प्रत्यक्षात नव्हता. बोर्ड रंगवणाऱ्याकडे कोणीतरी मागवून न नेलेली एक पाटी पडून होती. मामांनी ती स्वस्तात घेतली आणि फक्त पुढचं आडनाव खरवडून तिथे आपलं अविला घातलं. मुलगा असता तर सोय होती. धंदा चालवणाऱ्याच्या पोटच्या पोरांना, त्यांनी पुरेशी वर्षं काम केलेलं असेल तर, परीक्षा माफ व्हायची एक वाट नियमात आहे. ओडीलियानं मंडळाला फोन करून भाचीचं विचारलं. पलीकडच्या बाईनं फार सहानुभूतीनं सांगितलं, की भाच्यांबद्दल मंडळाचं काही मत नाही.

ओडीलिया तोस्ते त्रेचाळीस वर्षांची होती. त्यातली एकवीस वर्षं तिनं मामांच्या कामावर काढली होती. आधी खिळे वेचायला, मग भिंती उभ्या करायला, मग सगळंच सांभाळायला. परीक्षेचं तिला अर्धंच भय होतं. दोन पेपर असतात, एक कायदा आणि व्यवहाराचा, एक बांधकामाचा. कायद्याचं पुस्तक ती घाबरून वाचत राहिली. बांधकामाचं उघडलंही नाही. स्वतःच्या हातांचा अभ्यास कोण करतो?

एक्केचाळिसाव्या दिवशी फ्रेस्नोच्या परीक्षा केंद्रातून बाहेर पडताना तिच्या हातात दोन कागद होते. कायद्यात पास. बांधकामात नापास.

ती गाडीत बसून ते कागद अदलाबदल करून पाहत राहिली. नावं चुकून उलटी छापली असतील, असं तिला वीस मिनिटं वाटत होतं.

"नापास," दुसऱ्या दिवशी कामावर एव्हरार्डोनं तो कागद वाचला. एव्हरार्डो बावन्न वर्षांचा, कंपनीचा सर्वांत जुना सुतार. त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं, पण तो सतत हसत असावा असा सगळ्यांना संशय होता. "बॉस, हे घर कोणी बांधलं मग?"

"गप्प बस."

"नाही, मी वर उभा आहे म्हणून विचारतोय."

"प्रश्न कसे होते ठाऊक आहे? चर खणलाय, खोल गेलाय, माणूस उतरवायचाय, तर आधी काय कराल. चार उत्तरं."

"आणि?"

"आपण अशा वेळी तुला विचारतो. चारही उत्तरांत तुझं नाव नव्हतं."

एव्हरार्डोनं यावर बराच विचार केला. "छापील गोष्टींत माझं नाव राहून जातं," तो म्हणाला.

पुन्हा बसायची तारीख मिळाली ती पंचाहत्तराव्या दिवसाची. त्यानंतर आणखी एकदा नापास व्हायला नव्वदात जागा नव्हती. ओडीलियानं नऊशे प्रश्नांचं पुस्तक आणलं, आणि एव्हरार्डो रोज जेवणाच्या सुट्टीत लाकडाच्या थप्पीवर बसून तिला ते विचारू लागला. पंधरा दिवसांत एव्हरार्डोचं पुस्तक पाठ झालं. ओडीलियाचं झालं नाही. गणित समजायचं, कारण समजायचं, आकडे मात्र हातातून वाळूसारखे जायचे.

"कठड्याची उंची."

"छत्तीस."

"ते जुनं. नवा नियम आलाय, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. जमिनीपासून तीस इंचांच्या वर गेलात, की बेचाळीस."

"एव्हरार्डो, मी शेकड्यानं कठडे लावलेत."

"लावलेत. आकडा सांगितला नाहीत कधी."

हे खरं होतं. आकडा कोणी सांगितलाच नव्हता. मामांच्या कामावर रुंदी टेपनं मोजत आणि उंची काठीनं. नियम बदलून छत्तिसाचा बेचाळीस झाला, त्या वर्षी मामांनी राखेच्या रंगाच्या लाकडाची सहा फुटी नवी काठी केली आणि तिच्यावर चाकूनं खाचा पाडल्या. ही दाराची मूठ, हे दिव्याचं बटण, ही खिडकीची बैठक, हा कठडा. काठी जमिनीवर टेकवायची, खाचेवर पेन्सिल ओढायची, पुढे जायचं. काठीवर कोणी टेप लावला, की मामा तो हातातून काढून घेत. "काठी म्हणजे विश्वास. टेप म्हणजे संशय," असं म्हणत, आणि टेप खिशात टाकून विसरत. तेर्सेराला जाताना त्यांच्या सामानात अकरा टेप निघाले.

तेव्हा ओडीलियानं ठरवलं, की आकडे डोक्यात राहत नसतील तर हातांना शिकवावेत. आपण बांधलेल्या गोष्टींजवळ जायचं, मोजायचं, हात ठेवायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा. परीक्षेला आठ दिवस उरले होते. सुरुवात घरापासून. तिच्या घराच्या वरच्या मजल्याला गॅलरी होती, सहा वर्षांपूर्वी तिनंच बांधलेली. तिनं कठड्याला टेप लावला, तळहात वर ठेवला, आणि "बेचाळीस" म्हणायला तोंड उघडलं.

टेपवर एक्केचाळीस होते.

तिनं तोंड मिटलं. टेप काढला, पुन्हा लावला. एक्केचाळीस. टेपच्या टोकाचा हूक वाकला असेल म्हणून एव्हरार्डोला बोलावलं. तो तीन टेप घेऊन आला. तिन्ही टेप एकमेकांशी सहमत होते.

"जमीन फुगली असेल," एव्हरार्डो म्हणाला.

"वरच्या मजल्यावर?"

"मी फक्त शक्यता सांगतोय."

दोघं शेजारच्या मेंडोंसांकडे गेले. एक्केचाळीस. उत्सवाच्या हॉलमध्ये वरच्या गॅलरीत, जिथून दरवर्षी उत्सवाची राणी म्हणून निवडलेल्या मुलीवर फुलं टाकतात, तिथे गेले. एक्केचाळीस, पूर्ण साठ फूट. दंतवैद्याच्या जिन्याजवळचा कठडा त्यांनी मोजला, तेव्हा खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे पाहत होता. ओडीलियाचंही तोंड तसंच होतं. दुपारी चारपर्यंत एव्हरार्डोनं प्रश्नांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर एकोणीस पत्ते लिहिले. एकोणीस उंच गॅलऱ्या. एकोणीसही एक इंचानं बुटक्या.

मग त्यांनी काठी आणली. सोझांच्या घरात, जिना नसलेल्या जागी, ती आडवी ठेवली आणि तिला टेप लावला. मामा इथे असते तर अंगावर धावून आले असते. कठड्याची खाच एक्केचाळिसावर होती. मुठीची पस्तिसावर. बटणाची, बैठकीची, सगळ्यांच्या सगळ्या खाचा एक इंच खाली.

ओडीलिया उलट्या बादलीवर बसली. हार्डवेलची, म्हणजे त्यांच्याच गावची, माणसं मर्सेड शहरात गेली, की अंधारात दिव्याचं बटण हुकतात, आधी हात भिंतीवर जरा खाली मारतात, हे ती कितीतरी वर्षं पाहत आली होती. गावंढळपणा असेल, असं तिला वाटायचं.

"बटण, मूठ, यांना नियम तितका कडक नाही," एव्हरार्डो पुस्तक न उघडता म्हणाला. "पान दोनशे बारा. कठडा मात्र गेला."

सकाळी नऊला ओडीलियानं तेर्सेराला फोन लावला. तिकडे दुपारचे चार वाजले होते.

"मामा, काठी."

"काय झालं काठीला? मोडली?"

"एक इंच कमी आहे."

पलीकडे एक बैल ओरडला.

"हां," मामा म्हणाले. "तो इंच."

ओडीलियाला उभं राहावंसं वाटलं. ती उभीच होती. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षी कळलं. अगं, टेपचं टोक लुळं झालेलं. लुळं टोक असलं की आपण काय करतो? एकाच्या रेघेवर धरतो, आणि शेवटी एक जास्त मोजतो."

"मग?"

"धरलं एकावर. बरोबर धरलं."

"आणि शेवटी?"

"शेवटी तुझी मामी हाक मारत होती."

"कशाला?"

"जेवायला. वीस खाचा होत्या, सगळ्या पाडून मगच उठलो मी. माणसानं काम अर्धं टाकू नये."

"मामा, दुसऱ्या वर्षी कळलं तर नवी काठी का नाही केली?"

"तोवर पाच घरं झाली होती ना. पाच घरं एक्केचाळीस आणि सहावं बेचाळीस, म्हणजे सहाव्यानं विचारलं असतं, पाचांनी विचारलं असतं. सगळी सारखी असली की कोणी विचारत नाही. आणि पर्सेल साहेबांनी पास केली होती सगळी." मामांनी घसा साफ केला. "आता नवीन पोरगी आलीये म्हणे इन्स्पेक्टर. लाल दिव्याचं यंत्र घेऊन फिरते. भिंतीला ठिपका लावला की आकडा बोलतं."

"म्हणजे तुम्ही बैलांसाठी गेला नाहीत."

"बैल आहेत. खोटं कशाला बोलू." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ऐक ओडीलिया. तू नापास हो."

"काय?"

"पास झालीस तर परवाना तुझ्या नावावर. आतून लपलेला दोष दहा वर्षं मागे लागतो, तूच तर कायद्यात पास झालीस. उद्या कोणी विचारलं तर तू उभी. नापास झालीस तर कंपनी बंद. बंद कंपनीला कोण विचारतंय? एव्हरार्डोला कुठेही काम मिळेल. तू इकडे ये. एक बैल शांत आहे."

फोन ठेवल्यावर ओडीलियानं हिशेब केला. एकोणीसपैकी अकरा घरं दहा वर्षांच्या आतली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं तिला मन लावून नापास हो म्हटलं होतं, आणि ते अजिबात अवघड नव्हतं. मामा करायचे तशी उत्तरं दिली की झालं.

पण आधी पर्सेल साहेबांना गाठणं भाग होतं. गावाच्या बांधकाम खात्याचे इन्स्पेक्टर म्हणून ते निवृत्त झाले होते आणि आता टोमॅटो लावत. मोजणारा माणूस होता तो. त्यांनी ही घरं पास कशी केली?

"मोजून," पर्सेल साहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "ओडीलिया, मी न मोजता एक पायरी पास केलेली नाही." आणि ते घरात जाऊन एक काठी घेऊन आले. ओकची, पॉलिश केलेली, वरच्या टोकाला पितळेची टोपी, मधोमध जाळून कोरलेलं त्यांचं नाव. "तुझ्या मामानं नाताळात दिली. नियम बदलला त्या वर्षी. काय माणूस. स्वतःच्या काठीवर ठेवून एकेक खाच उतरवली त्यानं."

एव्हरार्डोनं टोपी डोक्यावरून काढली. अंत्ययात्रा जाताना काढतात तशी.

"आणि हिनंच तुम्ही..." ओडीलियाला वाक्य पुरं करवेना.

"सगळं गाव. चौदा वर्षं. फक्त तुमची घरं नाही, सगळ्यांची."

"पण बाकीचे कंत्राटदार टेप वापरतात. त्यांचे तर बरोबर असतील."

"एक इंच जास्त यायचे त्यांचे. सगळ्यांचे. विचित्रच." पर्सेल साहेब हसले. "मी काही अडवलं नाही. नियम कमीत कमीचा आहे. म्हटलं, जास्त द्यायचंय तर द्या, लाकूड तुमचं. मग त्यांनीच हळूहळू कापायला सुरुवात केली."

ओडीलिया आणि एव्हरार्डो गाडीत बसले. बराच वेळ कोणी किल्ली फिरवली नाही. काचेतून हार्डवेलचा मुख्य रस्ता दिसत होता. दोन्ही बाजूंना गॅलऱ्या, गॅलऱ्यांत माणसं, माणसांची कोपरं कठड्यांवर, सगळी एका रेषेत. बाहेरच्या माणसाला ते सुंदर दिसलं असतं.

"सव्वा इंची फळी," एव्हरार्डो शेवटी म्हणाला.

लाकडाच्या दुकानात सव्वा इंची म्हणून जी फळी मिळते ती मोजली तर बरोबर एक इंच भरते. हा धंदाच तसा आहे. कठड्यावर आणखी एक फळी बसवली, की बेचाळीस. घर तोडायला नको, काही नको.

"गुपचूप करू," तो म्हणाला. "मालकांना म्हणायचं, कंपनीकडून भेट."

पहिली भेट लेओंतिना आजींच्या वाट्याला आली. आजी ब्याऐंशी वर्षांच्या, वरच्या मजल्यावर एकट्या राहत, आणि रोज दुपारी कठड्यावर कोपरं टेकवून जपमाळ ओढत. एव्हरार्डोनं फळी वर ठेवून दाखवली. आजींनी कोपरं टेकवून पाहिली. खांदे कानांपर्यंत आले.

"मी काय आता घुबडासारखी प्रार्थना करू?" आजी म्हणाल्या. "काढ ती."

"आजी, तुमच्या सुरक्षिततेसाठी..."

"चार वर्षं मी सुरक्षित होते. आज काय झालं?"

ओडीलियाला खोटं पटकन सुचत नसे. ती बांधकामातली होती. "कठडा एक इंच कमी आहे," ती म्हणाली. "चूक आमची."

आजी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद होता. "ही तुझ्या मामाची सही. इथे लिहिलंय, सगळं नियमाप्रमाणे. तो गेला बैलांमागे. आता तू म्हणतेस, नाहीये नियमाप्रमाणे. कोण आहेस तू?"

"ओडीलिया, आजी. तोस्तेंची. तुम्ही मला ओळखता."

"ओळखते. तुझ्या बाप्तिस्म्याला मी होते. पण कागदावर तू कोण आहेस? माझ्या घरावर फळी ठोकायची तर सहीचा कागद आण. जबाबदार कोण, ते लिहून आण. मग मी कोपरांचं बघेन."

एव्हरार्डोनं फळी खांद्यावर घेतली. जिना उतरताना ओडीलियानं त्याला मामांचं बोलणं सांगून टाकलं. नापास व्हायचं, कंपनी बंद, विषय संपला.

एव्हरार्डो दोन पायऱ्या उतरला, थांबला. "मी काही म्हणणार नाही, बॉस. मला कुठेही काम मिळेल."

"मामाही तेच म्हणाले."

"पण तुम्ही नापास झालात म्हणून लाकूड वाढत नाही." तो आणखी एक पायरी उतरला. "आणि आजी रोज टेकते त्यावर. तिला माहीत नव्हतं तेव्हा टेकत होती, ते वेगळं. आता आपण तिला सांगून बसलो."

पंचाहत्तराव्या दिवशी ओडीलिया फ्रेस्नोला गेली. केंद्रात खिसे उलटे करून दाखवायला लावतात, मग कुलूप लावलेल्या पेटीत फोन, मग संगणकाच्या एका डबड्यासमोर खुर्ची. काय विचारलं ते बाहेर सांगणार नाही, असं तिनं सही करून दिलं होतं, त्यामुळे ते इथेही सांगता येत नाही. एवढं सांगता येतं, की एका प्रश्नाशी ती नऊ मिनिटं बसून राहिली. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर येत होतं. पडद्यावर चार आकडे होते, त्यातला एक खरा, आणि मामांचा आकडा चारांत नव्हताच. म्हणजे नापास व्हायचं तर तिला स्वतःहून एखादा नवाच चुकीचा आकडा उचलावा लागणार होता, जो त्यांच्यापैकी कोणीही कधी बांधला नव्हता. हे तिला फार परकं वाटलं. तिनं खरा दाबला. त्यानंतरचे सगळे खरेच दाबले, आणि चराच्या प्रश्नाला तर एव्हरार्डोनं जे उत्तर दिलं असतं ते आता तिसऱ्या क्रमांकावर छापलेलं दिसलं. मागच्या वेळीही ते तिथेच असणार.

बाहेर बाईनं एक कागद दिला. पास.

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिनं कागद उलटा करून मागे आणखी काही छापलंय का ते पाहिलं. तिनं एव्हरार्डोला फोन केला.

"पास."

"बरं," एव्हरार्डो म्हणाला. "मी इथे कोणाला सांगत नाही. तुम्ही आधी बांधकाम खात्यात जाऊन या."

ती सरळ हार्डवेलच्या बांधकाम खात्यात गेली. खिडकीमागे नवीन इन्स्पेक्टर स्वतःच बसली होती. मिस वांग, वय तिशीच्या आत, टेबलावर लाल दिव्याचं यंत्र आणि चिकट भाताचा डबा.

"मला कळवायचंय," ओडीलिया म्हणाली. "एकोणीस गॅलऱ्यांचे कठडे एक इंच कमी आहेत."

"कोणी बांधले?"

"आम्ही."

मिस वांगनं डब्याचं झाकण लावलं. "परत सांगा."

ओडीलियानं परत सांगितलं. काठीचं सांगितलं, लुळ्या टेपचं सांगितलं, एकाच्या रेघेचं सांगितलं, मामीनं जेवायला हाक मारल्याचं सांगितलं. मग पर्सेल साहेबांच्या काठीचं सांगितलं, आणि चौदा वर्षांचं, आणि बाकीच्या कंत्राटदारांनी आपापले कठडे कापून बरोबरीला आणल्याचं. मिस वांग ऐकता ऐकता उभी राहिली होती, ती आता खाली बसली. मागे खुर्ची आहे की नाही हे तिनं पाहिलं नाही. होती.

"थांबा," ती म्हणाली. यंत्र उचलून ती बाहेर आली आणि खात्याच्या इमारतीच्याच वरच्या मजल्यावर गेली. ओडीलिया खाली उभी राहिली. वरून यंत्राचा बारीक आवाज आला, मग पुन्हा आला, मग तिसऱ्यांदा.

मिस वांग परत आली तेव्हा यंत्रावर अजून एक्केचाळीस दिसत होते. "मी रोज तिथे टेकून कॉफी पिते," ती म्हणाली.

"सगळेच टेकतात."

"मी याचं काय करू? स्वतःहून चूक सांगायला इथे कोणी आलेलं नाही. त्याचा फॉर्मच नाही." तिनं खण उघडले, मिटले, दुसरे उघडले. शेवटी फिकट पिवळ्या कागदांचा एक गठ्ठा ओडीलियासमोर ठेवला. "कंत्राटदाराविरुद्ध तक्रार. माझ्याकडे एवढंच आहे. हा भरलात की परवानगी निघेल, मी येऊन मोजेन, तुम्ही दुरुस्त कराल, मी परत मोजेन. प्रत्येक घराला एक. एकोणीस."

ओडीलियानं पेन घेतलं. तक्रारदाराच्या रकान्यात तिनं नाव लिहिलं, ओडीलिया तोस्ते. तक्रार कोणाविरुद्ध, तिथे कंपनीचं नाव लिहिलं, आणि त्याखाली कंपनीची जबाबदार व्यक्ती असा रकाना होता. इथे आजवर नेहमी मामांचं नाव आलं होतं. मंडळाच्या नोंदीत तिचं नाव चढायला अजून काही दिवस लागणार होते. तिनं पासचा कागद बाहेर काढून शेजारी ठेवला आणि पुन्हा लिहिलं, ओडीलिया तोस्ते. रकाना अरुंद असल्यामुळे दुसरं नाव पहिल्यासारखं आलं नाही. दोन वेगवेगळ्या बायकांनी लिहिल्यासारखं दिसत होतं.

"तक्रारदाराचा कंत्राटदाराशी संबंध," मिस वांगनं उलटं वाचलं. "तो भरावाच लागतो."

ओडीलियानं लिहिलं, जवळचा.

शेवटचा प्रश्न होता, की खात्याकडे येण्यापूर्वी तक्रारदारानं कंत्राटदाराशी बोलून प्रकरण मिटवायचा प्रयत्न केला होता का, आणि केला असल्यास कंत्राटदाराचं म्हणणं काय. त्याला चार ओळींची जागा सोडली होती. त्यात तिनं लिहिलं, "हो. आधी ती ऐकत नव्हती. आता सगळं कबूल करते. सोमवारी सकाळी फळ्या घेऊन येते म्हणाली."

आणि तिनं दुसरा फॉर्म पुढे ओढला.